अर्जुनाची साल आणि बाबांचं पस्तीस टक्के पंपिंग

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: बाबा ६७ वर्षांचे, इंदूरला रामबागेत राहतात, तुम्ही पुण्यात. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे त्यांच्या छातीत जळजळायला लागलं. ॲसिडिटी समजून त्यांनी सोडा घेतला, सात तास काढले आणि मग रुग्णालयात गेले. हृदयाच्या पुढच्या भागाची मोठी रक्तवाहिनी बंद निघाली, स्टेंट टाकला. घरी सोडताना इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के: डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला एवढंच बाहेर पडतं. आता मावसकाकांनी इंदूरच्या सियागंज बाजारातून अर्जुनाची साल आणून दिली आहे. घरच्या ग्रुपवर एक बातमीही फिरते आहे की, वनस्पतीतला एक घटक हृदयाचा खराब झालेला स्नायू वाचवतो. ‘इंग्रजी गोळ्या’ निम्म्या करून काढा सुरू करावा, असा काकांचा आग्रह आहे. यात तथ्य किती, हे तुम्हाला हवं आहे.

मी इंदूरलाच तीसेक वर्षं हृदयाचे रुग्ण बघतो आहे. अर्जुनाबद्दल विचारणारा कुणीतरी आठवड्यातून एकदा तरी समोर येतोच, आणि न विचारता घेणारे त्याहून जास्त. म्हणून काकांवर मी चिडणार नाही. तथ्य आहे. पण बातमीतला ‘वाचवतो’ हा शब्द घसरडा आहे. झटका येण्याआधी, झटका चालू असताना आणि झटका येऊन गेल्यावर, अशा तीन वेळा असतात आणि तिन्ही वेळी वाचवण्यासारखी गोष्ट वेगळी असते. बाबा तिसऱ्या वेळेत आहेत. बातमी बहुधा पहिल्या वेळेची आहे.

आधी त्या सात तासांत काय झालं ते सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. रक्तवाहिनी बंद झाली की पहिली वीसेक मिनिटं स्नायू नुसता गुदमरतो. रक्त परत मिळालं तर सावरतो. त्यानंतर पेशी मरायला लागतात. हे मरण हृदयाच्या आतल्या अस्तराकडून बाहेरच्या बाजूला लाटेसारखं सरकत जातं. १९७०च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ही लाट तासातासाने मोजली गेली, आणि सहा तासांपर्यंत तिचं बहुतेक काम आटोपलेलं असतं असं दिसलं. माणसात थोडं मागेपुढे होतं. एखाद्याला आडवाटेने रक्त मिळत असतं, एखाद्याची वाहिनी मध्येच थोडी उघडून पुन्हा बंद होते. मोठ्या झटक्यात अब्जभर पेशी जाऊ शकतात.

त्या परत येतात का? जवळजवळ नाही. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी हे मोठ्या हुशारीने मोजलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळी जगणाऱ्या सगळ्यांच्या पेशींत उतरला होता. त्यावरून हृदयाच्या पेशींचं वय काढता आलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या बनतात, पंच्याहत्तरीत अर्धा टक्काही नाही. मेलेल्या जागी शरीर सहा ते आठ आठवड्यांत व्रण तयार करतं. तो कातड्यासारखा चिवट असतो, पण आकुंचन पावत नाही. कोणत्याही झाडाचा, कोणत्याही कारखान्याचा रेणू त्या व्रणाचा पुन्हा स्नायू करत नाही. मेलेला स्नायू जिवंत केल्याचं कुणी सांगत असेल तर तिथेच वाचन थांबवा.

मग त्या बातम्या कुठून येतात? बहुतेक उंदरांवरून. प्रयोगाची ठरलेली पद्धत अशी: उंदरांना महिनाभर रोज वनस्पतीचा अर्क किंवा त्यातला शुद्ध घटक पाजायचा. अर्जुनातलं अर्जुनोलिक आम्ल, हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, असं काहीही. मग शेवटचे दोन दिवस आयसोप्रोटेरेनॉल नावाचं ॲड्रिनलिनसारखं औषध, दर किलो वजनाला ८५ मिलिग्रॅम, टोचायचं. ते हृदयाला इतकं पिटाळतं की स्नायूच्या पेशी फुटतात. त्यानंतर रक्तातली एन्झाइमं मोजायची आणि हृदयाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. अर्क प्यायलेल्या उंदरांची नासाडी कमी दिसते. प्रयोग खोटा नसतो. पेशी मरताना ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सुटतात, कॅल्शियम आत घुसतं, पेशीतल्या ऊर्जाघरांना भोकं पडतात. आधीपासून रक्तात असलेला अँटिऑक्सिडंट त्यातलं काही थोपवतो, हे पटण्यासारखं आहे.

आता बाबांशी ताडून बघा. उंदराला औषध मार बसण्याआधी महिनाभर मिळालं. बाबांना मार बसून पाच आठवडे झाले. उंदराची रक्तवाहिनी बंद झालीच नव्हती. बाबांची झाली होती. उंदीर तरुण आणि बाकी धडधाकट. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, वय ६७ आहे. ‘आधी पाजलं तर मार कमी लागतो’ याचं बातमीत ‘खराब झालेलं हृदय दुरुस्त होतं’ कधी झालं, ते लिहिणाऱ्यालाही कळलं नसावं.

झटका चालू असताना, म्हणजे दुसऱ्या वेळेत, वाचवण्याचे प्रयत्नही भरपूर झाले. बंद वाहिनी उघडल्यावर रक्ताचा लोंढा येतो आणि तोच उरल्यासुरल्या पेशींना आणखी एक तडाखा देतो. हा तडाखा कमी करणारं औषध सापडावं म्हणून हृदयरोगाच्या जगाने किमान तीस वर्षं डोकं आपटलं आहे. कोल्चिसिनचंच घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत ते असतं. दक्षिणेत तिच्या बियांसाठी शेती होते. प्राण्यांत त्याने झटक्याची व्याप्ती कमी केली होती. २०२१ साली फ्रान्समध्ये १९२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना अँजिओप्लास्टीच्या वेळीच ते देऊन पाहिलं. मेलेल्या भागाचा आकार लक्षात घेण्याइतका घटला नाही. आता याच कोल्चिसिनची पुढची कहाणी बघा. २०१९च्या एका अभ्यासात झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम दिलं, तेव्हा पुढचे झटके, अर्धांगवायू वगैरे मिळून प्रमाण ७.१ टक्क्यांवरून ५.५वर आलं. सगळे खूश. २०२४ साली ७,०००हून जास्त रुग्णांवर तेच करून पाहिलं तर फरक शून्य. मी अजून ते सरसकट लिहीत नाही.

चीनचं एक उदाहरण मात्र मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर काका म्हणतील डॉक्टर पारंपरिक औषधांना मुद्दाम पाडतो. तिथलं एक जुन्या पद्धतीचं मिश्रण, त्यात वनस्पती आहेत तसे विंचू-जळवाही आहेत, २०२३ साली ताज्या झटक्याच्या ३,७७७ रुग्णांत तपासलं गेलं. तीस दिवसांतल्या गंभीर घटना ५.२ टक्क्यांवरून ३.४वर आल्या. पण ते पहिल्या चोवीस तासांत सुरू केलं होतं आणि बाकीची एकही गोळी कमी केली नव्हती. काकांच्या योजनेत हे दोन्ही उलटं आहे.

आता अर्जुन. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हा विषय आमच्या गावचा आहे.

झाड तुम्ही लहानपणी नक्की पाहिलं असणार. मराठीत अर्जुन किंवा अर्जुनसादडा, इकडे खेड्यात कोहा. निमाडात उतरताना नदीनाल्यांच्या काठी उभं असतं, खोड गोरं, गुळगुळीत, साल पापुद्र्यांनी सुटणारी. संस्कृतात ककुभ. चक्रदत्त या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथात ककुभाच्या सालीचं चूर्ण तूप, दूध किंवा गुळाच्या पाण्याबरोबर हृद्रोगावर सांगितलं आहे. म्हणजे काका हजारेक वर्षांच्या परंपरेतून बोलतायत, व्हॉट्सॲपमधून नव्हे.

आणि या सालीचा आधुनिक पद्धतीचा, सगळ्यांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास कुठे झाला? इथेच, एम.जी.एम. मेडिकल कॉलेज आणि एम.वाय. रुग्णालयात. १९९५ साली तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे, बसल्या जागी धाप लागणारे बारा रुग्ण. प्रत्येकाला दोन आठवडे सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी आणि दोन आठवडे तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणती कधी, हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. अर्काच्या काळात धाप आणि सूज कमी झाली, पंपिंग तिशीच्या आसपास होतं ते पस्तिशीच्या आसपास गेलं. पुढे सुमारे दोन वर्षं त्यांना अर्क चालू ठेवला आणि सुधारणा टिकली. मात्र त्या भागात पोकळ गोळीशी तुलना नव्हती. २००२ साली याच संस्थेतून अंजायनाच्या, म्हणजे श्रम केले की छातीत दुखणाऱ्या, ५८ पुरुष रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात साल ही नायट्रेटच्या गोळीच्या बरोबरीने उतरली.

मला या कामाचा अभिमान आहे. त्या काळात, त्या तुटपुंज्या साधनांत, आंधळी चाचणी करणं ही सोपी गोष्ट नव्हती. पण अभिमान बाजूला ठेवून तीच माहिती परत वाचा. रुग्ण बारा. त्यांतल्या दहांचं हृदय मुळातच, कारण न सापडता, फुगलेलं होतं, एक बाळंतपणानंतरची. झटका येऊन हृदय कमजोर झालेला रुग्ण बारांत एकच. शिवाय आज बाबांना ज्या गोळ्या आहेत त्यांतल्या निम्म्या तेव्हा वापरात नव्हत्या.

पुढची पायरी दिल्लीच्या एम्सने टाकली. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शंभर रुग्ण, सालीचा पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा आठवडे, नेहमीची सगळी औषधं चालू ठेवून. पंपिंग वाढलं नाही. चालण्याची ताकद आणि लक्षणं यांत काहींना थोडा फायदा दिसला. शंभर हा आकडाही मोठा नाही, पण बारापेक्षा तो मला जास्त सांगतो. अर्जुन कदाचित बरं वाटायला मदत करत असेल. चांगल्या औषधांच्या जोडीला पंपिंग वाढवतो असा पुरावा आज नाही. झटक्यानंतरचे मृत्यू टाळतो असा तर कुणी मोजलेलाच नाही.

काका इथे म्हणतील, आमच्या शेजारच्यांचं पंपिंग अर्जुनाने ३५चं ४८ झालं. झालं असेल. आणि बाबांचंही होईल कदाचित, साल न घेता. झटक्यात न हलणारा सगळाच भाग मेलेला नसतो. बराचसा सुन्न पडलेला असतो, म्हणजे पेशी जिवंत, पण संपावर. रक्त परत मिळाल्यावर काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत तो पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच पहिल्या आठवड्यातल्या इकोवर आम्ही कुणाचं भविष्य लिहीत नाही. ठोके बिघडले तर विजेचा झटका देणारं यंत्र बसवायचं की नाही, हेही किमान चाळीस दिवस थांबून ठरवतात, ते याच कारणाने. आज साल सुरू केली आणि तीन महिन्यांनी आकडा वाढला, तर सगळं श्रेय सालीला जाणार आणि गोळ्या कपाटात. ही गोष्ट मी किती वेळा बघितली असेन!

एक सांगतोच. बाबांच्याच वयाचे गृहस्थ, पंपिंग ३०वरून ४५. आनंदाच्या भरात त्यांनी गोळ्या सोडल्या, काढा ठेवला. चार महिने मजेत गेले. मग रात्री दोन वाजता फुप्फुसात पाणी भरून आणलं, पलंगावर आडवं होता येईना, बोलताना वाक्य पुरं होईना. वाचले, पण पंपिंग २५वर आलं आणि मग तिथेच राहिलं. साल त्यांना बाधली नव्हती. गोळ्या सोडणं बाधलं.

आता तुम्हाला गंमत वाटेल असं काही. बाबांच्या चिठ्ठीचा फोटो तुम्ही जोडला आहे, त्यात रोज १० मिलिग्रॅमची डापाग्लिफ्लोझिन आहे. मधुमेहाची गोळी म्हणून तुम्ही तिच्याकडे पाहिलं असेल. तिचं मूळ एका सालीत आहे. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला गेला. पुढे कळलं की तो दिला की लघवीतून साखर जाते. पण पोटात गेल्यावर तो लवकर तुटतो आणि जुलाब लावतो, म्हणून औषध होऊ शकला नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची साखरेची कडी अशी बदलली की तो आतड्यात तुटेना आणि मूत्रपिंडावरच काम करी. त्यातून ही गोळ्यांची जात निघाली. २०१९ साली कमी पंपिंगच्या ४,७४४ रुग्णांत डापाग्लिफ्लोझिन तपासली. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय आणखी निकामी होणं याचं प्रमाण सुमारे दीड वर्षात २१.२ टक्क्यांवरून १६.३वर आलं, मधुमेह असो वा नसो. हा आकडा शंभरांतला नाही, पावणेपाच हजारांतला.

त्याच चिठ्ठीतली ॲस्पिरिन ही विलो झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनची नात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतरचे हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू तिने जवळपास चौथ्या हिश्श्याने घटवले. तेव्हा काकांना सांगा, साल आम्ही देतोच आहोत, दोन झाडांची. फक्त मोजून, आणि तुलना करून.

मोजण्यावर इतका जोर का, तेही सांगतो. डिजॉक्सिन हे डिजिटॅलिस नावाच्या झाडाच्या पानांतलं औषध. १७८५ साली विदरिंग या इंग्रज वैद्याने त्या झाडाच्या एका भाऊबंदाबद्दल पुस्तक लिहिलं. आजही आम्ही ते निवडक रुग्णांना देतो. १९९७च्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी केले नाहीत, पण रुग्णालयाच्या फेऱ्या कमी केल्या. त्याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत बोटभर अंतर असतं. त्याच जातीचं विष आपल्या अंगणातल्या कण्हेरीत आहे. एका आजोबांना नाडी ३८ असताना माझ्याकडे आणलं होतं. खोदून विचारल्यावर सून म्हणाली, ‘दिलासाठी चांगलं’ म्हणून कुणीतरी कण्हेरीचं मूळ उगाळून दिलं होतं. वनस्पतीतली ताकद खरी असते, म्हणूनच तिची भीतीही खरी.

तर बाबांनी करायचं काय?

स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही, एक दिवसही, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवायची नाही. पहिल्या वर्षात त्या थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. बाकीच्या चार प्रकारच्या गोळ्या उरलेल्या स्नायूवरचा ताण उतरवतात. व्रणाशेजारचा चांगला भाग महिनोन्‌महिने ताणला जाऊन फुगत जातो. तिसऱ्या वेळेत वाचवायचा तो हाच भाग. रक्तदाब १०० दिसला म्हणून घाबरून गोळ्या निम्म्या करू नका. चक्कर येत असेल तर वेळा बदलता येतात.

सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाआधी वजन. वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, किंवा रात्री उशी वाढवावी लागली, तर त्याच दिवशी फोन. मीठ कमी, आणि इथे मला इंदूरकर म्हणून बोलावं लागेल. पोहे चालतील. पोह्यांवर मूठभर सेव आणि वरून जिरावन मसाला चालणार नाही. बाबा म्हणतील, मग ते पोहे कसले! त्यांचं बरोबर आहे, पण तरी नाही. चालणं रोज, बोलता येईल इतक्या वेगाने. दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं.

हळदीच्या कॅप्सूलचंही तुम्ही विचारलं आहे. भाजीतली हळद खुशाल घ्या. कॅप्सूल नको, कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, आणि ते शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत.

आणि ती सियागंजची पुडी. माझं मत: आत्ता नको. प्रयोगशाळेत या सालीने रक्तातल्या चकत्यांचं (प्लेटलेट्सचं) चिकटणं कमी केलेलं दिसलं आहे, आणि बाबांना त्याच कामाच्या दोन गोळ्या आधीच चालू आहेत. रक्तदाबही आता खालच्या काठावर आहे. तीन महिन्यांची इको होऊ द्या, म्हणजे आकडा कशामुळे हलला याचा गोंधळ होणार नाही. त्यानंतर बाबांची इच्छा असेल तर त्यांच्या डॉक्टरांना पुडी दाखवून, एकही गोळी न हलवता, दुधातला काढा घ्यायला माझी तत्त्वतः हरकत नाही. मात्र त्याआधी पुडी उघडून बघा. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, राखाडी, आतून गुलाबीसर असते. काळपट, खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी दिसली तर ती ऐनाची, इकडे ज्याला साज म्हणतात त्याची. बाजारात ती अर्जुन म्हणून सर्रास खपते. आणि भुकटी करून आणली असेल तर घरी ओळखायला काही मार्ग नाही, काकांना परत करायला सांगा.